सहा वेळा निवडून आलेला विश्राम

आमदार विश्राम शिरधनकर यांना माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. दुखणी लक्षात राहतात.

सलग सहा वेळा निवडून आलेल्या माणसाला मतदारांची नावं येत नाहीत, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. पण मी शाळेत त्याच्या शेजारच्या बाकावर दहा वर्षं काढली आहेत. तेव्हाही त्याला वर्गातल्या पोरांची नावं यायची नाहीत. मात्र कुणाचा कान फुटलाय, कुणाच्या तळपायाला कुरूप झालंय, कुणाच्या आजीला दमा आहे, हे बिनचूक ठाऊक असायचं. पुढे एवढ्या एका भांडवलावर त्यानं रत्नागिरीचं राजकारण केलं.

मासळी बाजारात एखादी बाई समोर आली की विश्राम थांबायचा. तिच्याकडे बघून डोळे बारीक करायचा. आत कुठलं तरी कपाट उघडलं जात असावं. मग म्हणायचा, "डावा गुडघा. कसा हाय आता?" बाई पापलेटाची पाटी विसरून उजळून निघायची. आमदारांना आपला गुडघा माहीत आहे, त्यातही डावा! मग आपलं नाव त्यांना येतं की नाही, याचा विचार कोण करतो?

एकदा मात्र पंचाईत झाली. एका वाचनालयाच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुण्यांची ओळख करून द्यायची होती. विश्राम ध्वनिवर्धकासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "आज आपल्यात उपस्थित आहेत आपल्या सर्वांचे लाडके..." इथे थांबून त्यानं पाहुण्यांकडे पाहिलं. डोळे बारीक केले. कपाट उघडलं आणि आत नेमकी मूळव्याध निघाली. मी सूत्रसंचालक होतो. त्याचे ओठ हलायला लागलेले बघून मीच धावत जाऊन नावाची चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली. आजही मला वाटतं, कोंबायला नको होती.

हे मी कौतुकानं सांगतोय असा कुणाचा समज होऊ नये. मी विश्रामवर आयुष्यभर जळत आलो आहे. गावात हे कुणाला माहीत नाही, कारण मी निवृत्त शिक्षक आहे आणि शिक्षक जळतात असं लोकांना वाटत नाही.

याची सुरुवात नववीत झाली. वर्गप्रतिनिधीच्या निवडणुकीला आम्ही दोघं उभे होतो. मी वर्गात पहिला, वक्तृत्वाची ढाल माझ्याकडे. सरांनी दोघांना बोलायला सांगितलं. मी पाच मिनिटं बोललो, त्यात दोन सुभाषितं होती. विश्राम उठला, म्हणाला, "माझा आवाज बसलाय, मधल्या सुट्टीत बोलू," आणि बसला. मधल्या सुट्टीतही तो काही बोलला नाही. ज्याच्या कानाला कापूस होता त्याच्या शेजारी बसून डबा खाल्ला, एवढंच. निकाल लागला तेव्हा मला एकही मत नव्हतं. सभ्यपणा म्हणून मी माझं मत विश्रामला दिलं होतं आणि तोही तसंच करील असं धरून चाललो होतो. त्यानंही ते विश्रामलाच दिलं होतं.

पुढे मी बी.एड. होऊन मराठीचा मास्तर झालो आणि तो भाट्याच्या खाडीत वडलांच्या होडीवर गेला. तेवढी काही वर्षं मी सुखात होतो. मग मच्छीमारांच्या सोसायटीतून तो पंचायत समितीत गेला आणि एक दिवस त्याला विधानसभेचं तिकीट मिळालं. तेव्हा तो माझ्याकडे आला. म्हणाला, सदू, पहिलं भाषण तू लिहून दे. मी आठवडाभर खपून चौदा पानं लिहिली. सभेच्या दिवशी पहिल्या रांगेत बसलो. विश्राम उभा राहिला, चौदा पानं खिशातून काढली, समोरचं टेबल डुगडुगत होतं म्हणून त्यांची नीट घडी करून टेबलाच्या पायाखाली सरकवली आणि म्हणाला, "मला बोलता येत नाय. ज्याला माझ्याशी बोलायचा हाय, त्यानं खाली भेटा." लोकांनी टाळ्यांचा गजर केला. टेबल शेवटपर्यंत हललं नाही. माझ्या वक्तृत्वाचा राज्याच्या राजकारणाला झालेला उपयोग एवढाच.

तो निवडून आला आणि मग येतच राहिला. मंत्री कधी झाला नाही. विधानसभेत फार बोलल्याचंही कुणाच्या ऐकिवात नाही. काम घेऊन गेलेल्या प्रत्येकाला तो एकच वाक्य ऐकवायचा, "बघतंय मी." हे ऐकून माणूस निम्मं काम झाल्यासारखा घरी यायचा. वाईट एवढंच की उरलेलं निम्मं कामही बऱ्याचदा व्हायचं. जेट्ट्या झाल्या, ओढ्यांवर साकव झाले, वाड्यावाड्यांत दिवे लागले. माझ्या शाळेचं गळकं छप्पर मी अकरा अर्ज करूनही बदललं नव्हतं. विश्राम एकदा पावसात तिथे आला, डोक्यावर थेंब पडला, वर बघून म्हणाला, "बघतंय मी." पुढच्या जूनला नवं छप्पर. उद्घाटनाला त्याचे गुण गायचं काम माझ्याकडे होतं. मी ते अलंकारिक भाषेत केलं. घरी येऊन जेवलो नाही.

आणि घरी तरी काय होतं? आमच्या मालतीची टाच दुखते. बरीच वर्षं दुखते. विश्राम रस्त्यात भेटला की गाडी थांबवून काच खाली करणार आणि विचारणार, "वहिनी, टाच काय म्हणते?" मालती हसून सांगणार, थंडीत जरा जास्त, पण गरम पाण्यात मीठ घालून शेकते. हे मीठ-पाण्याचं मला तेव्हाच कळायचं. एकदा मी म्हटलं, त्याला काय, मतांसाठी विचारतो. मालती म्हणाली, "विचारतो तर खरं. तुम्हांला तर मत पण नको, काही नको. तरी तुम्ही नाही विचारलंत कधी." यावर मी चष्मा पुसायला घेतला.

मग निवृत्त झाल्यावर मी करायचं ते केलं. त्याच्या विरोधात अपक्ष म्हणून उभा राहिलो.

अर्ज मी स्वतः भरला. अक्षर इतकं सुरेख आलं होतं की दाखल करण्याआधी तो मी अर्ध्या गावाला दाखवला. मुदत संपायच्या दिवशी सकाळीच विश्रामची गाडी दारात उभी राहिली. मला वाटलं, माघार घे म्हणून गळ घालायला आला. मी उत्तर तयार केलं, त्यात एक सुभाषितही होतं. विश्राम ओटीवर बसला, मालतीच्या टाचेची चौकशी झाली, आणि मग म्हणाला, "सदू, तुझ्या अर्जावर सूचकाची एक सही कमी हाय असा ऐकला. छाननीत बाद होशील." मी अर्ज काढून सह्या मोजल्या. खरंच नऊ होत्या, दहा लागत होत्या. त्यानं मागे उभ्या असलेल्या आपल्या कार्यकर्त्याला पुढे केलं. हा माझाच माणूस, म्हणाला, पण मतदार इथलाच हाय, आणि सही चांगली करतो. अशा रीतीनं विश्राम शिरधनकर यांच्या विरोधातल्या माझ्या बंडाला दहावी सही विश्राम शिरधनकर यांनी मिळवून दिली.

निकालाबद्दल मी फार बोलणार नाही. माझ्या एका आळीत मला जितकी मतं पडायला हवी होती, तितकी अख्ख्या मतदारसंघात पडली. मालतीनं कुणाला मत दिलं हे मी तिला विचारलेलं नाही. मतदान गुप्त असतं, आणि संसारात काही गोष्टी गुप्त राहिलेल्या बऱ्या.

तर असा हा विश्राम, त्याच्या पुढच्या निवडणुकीत, सातव्या वेळी हरला.

मी टीव्हीसमोर सकाळपासून बसलो होतो. शेवटची फेरी जाहीर झाली तेव्हा मी स्वतःहून उठून नारळ फोडला आणि खवून दिला. आज उकडीचे मोदक कर, म्हटलं. खवलेला नारळ मालतीनं झाकून ठेवला आणि आत जाऊन पडली. संध्याकाळी त्याची चटणी झाली.

पुढचे काही महिने मला रत्नागिरी फार आवडली. विश्रामच्या दारातली गर्दी ओसरली. गाडी गेली, ड्रायव्हर गेला. लग्नपत्रिकांवरचं त्याचं नाव खाली घसरत घसरत शेवटी गायब झालं. तो फारसा कुठे दिसेनासा झाला. लोक म्हणाले, हार मनाला लावून घेतली. मी चुकचुकलो आणि घरी येऊन दोन कप चहा प्यालो.

एका सकाळी तो चालत आमच्याकडे आला. चालत आलेला विश्राम मी होडी सुटल्यापासून पाहिला नव्हता. ओटीवर बसला आणि बराच वेळ चपलेचा अंगठा बघत राहिला. मग म्हणाला, "सदू, अर्ज कसा लिहितात रे?"

मला वाटलं थट्टा करतोय. पण तो खरंच विचारत होता. तीस वर्षं त्यानं अर्ज घेतले होते, पुढे पाठवले होते, वर शेरे मारले होते. लिहिला एकही नव्हता. वरती कुणाचं नाव घालायचं, "महोदय" कुठे लिहायचं, काही ठाऊक नव्हतं. मी आतून कागद आणला. त्या क्षणी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. तीस वर्षांनी त्याला पुन्हा माझ्या भाषेची गरज पडली होती, आणि या वेळी जवळपास डुगडुगणारं टेबलही नव्हतं.

काम साधं होतं. त्याच्या घरापासून धक्क्याकडे जी पाखाडी उतरते, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची वाट, तिच्या वळणावर एक दिवा हवा होता. मी म्हटलं, अरे, तू साऱ्या वाड्यांना दिवे दिलेस, तुझ्या दारातच कसा नाही? तो म्हणाला, तेव्हा लावला असता तर लोक म्हणाले असते आमदारानं आधी आपलं दार उजळलं. मग राहिलाच. मी कारणाच्या जागी लिहिलं, "नागरिकांच्या सोयीसाठी." त्यानं ते दोनदा वाचलं आणि चांगला लिहिलास म्हणाला.

अर्ज द्यायला तो मला बरोबर घेऊन गेला. कचेरीत दिवाबत्तीच्या टेबलावर एक नवा तरुण होता. त्यानं मान वर न करता सांगितलं की आजोबा, बसा तिकडे, साहेब यायचे आहेत. आम्ही भिंतीलगतच्या बाकावर बसलो. समोरून माणसं जात-येत होती. दोघातिघांनी विश्रामला ओळखलं, नमस्कार केला आणि घाईत असल्यासारखे पुढे गेले. विश्राम त्या तरुणाकडे डोळे बारीक करून बघत होता. पण पोरगा धडधाकट होता. त्याला काही दुखणंच नव्हतं, त्यामुळे विश्रामला त्याच्याशी बोलायला काही सुचेना.

अर्धा तास गेला. या अर्ध्या तासाची मी किती वर्षं वाट पाहिली होती. विश्राम शिरधनकर माझ्या शेजारी, माझ्याच बाकावर, माझ्यासारखाच ताटकळत बसला आहे. मला आनंद व्हायला हवा होता. होईना. उलट मीच उठलो आणि त्या तरुणाला सांगायला लागलो की हे कोण आहेत माहीत आहे का, सहा वेळा... विश्रामनं माझा सदरा मागून ओढला. "बस रे," म्हणाला. "रांग हाय."

शेवटी नंबर आला. तरुणानं अर्ज वाचला आणि सरळ आवाजात विचारलं की त्या वळणापलीकडे किती नागरिक राहतात.

"दोन," विश्राम म्हणाला.

"मग सोय नक्की कुणाची?"

विश्राम टेबलाजवळ सरकला. मग म्हणाला, "माझी बायको संध्याकाळची खाली उतरते. तिला दिसत नाय नीट."

तरुणानं पेन उचललं आणि माझ्या सुरेख वाक्याखाली तेवढंच लिहून घेतलं. बघतो, म्हणाला.

परतताना विश्रामनं मला घरी बोलावलं. त्याच्या घरी मी कित्येक वर्षांत गेलो नव्हतो. तिथली गर्दी बघवायची नाही म्हणून. आता पडवी रिकामी होती. भेटायला येणाऱ्यांसाठीची दोन लांब बाकडी मात्र होती तशीच होती. सुमनवहिनी दारात खुर्चीवर बसल्या होत्या. स्वच्छ लुगडं, केसांत अबोलीचा वळेसर, सगळं जिथल्या तिथे. आम्हांला पाहून त्या उठल्या.

"बसा हो," त्या म्हणाल्या. "आमदार गावात नाहीत. अधिवेशन चाललंय. पण येतो म्हणाले आज."

मला वाटलं माझ्याशी बोलताहेत. पण त्या विश्रामकडे बघत होत्या. विश्रामनं चपला काढल्या, पायरीच्या कडेला नीट लावल्या आणि बाकड्यावर टोकाला बसला, अगदी काम घेऊन आलेली माणसं बसतात तसा. वहिनींनी आतून तांब्या-भांडं आणून त्याच्यापुढे ठेवलं आणि विचारलं की काय काम होतं.

"दिव्याचा," विश्राम म्हणाला.

"सांगेन त्यांना," असं म्हणून त्या आत गेल्या.

मग त्यानं मला हळू आवाजात सांगितलं. वहिनी विसरायला लागून तीनेक वर्षं झाली होती. हळूहळू बाकीचं सगळं गेलं. आमदार तेवढा राहिला. निवडणूक हरल्यावर हा कायमचा घरी आला, पण तिच्या लेखी तो घरी आलेलाच नाही. संध्याकाळ झाली की ती पाखाडी उतरून वळणापर्यंत जाते, मुंबईची गाडी आली का बघायला. पहिले काही दिवस यानं समजावलं, अगो, मीच तो. ती इतकी घाबरली की शेजारी हाका मारायला लागली. तेव्हापासून तो सांगत नाही. रोज सकाळी बाहेर पडतो, एक फेरी मारतो आणि काम घेऊन आलेला माणूस म्हणून परत येतो. मग ती त्याला आत घेते.

"मग दिवसभर दोघं काय करता?" मी विचारलं.

"ती बोलते. मी ऐकतंय." तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आमदार होतो तेव्हा ही मला एक शब्द बोलली नाय कधी. माणसं असायची ना. आता सगळा सांगते. पोरीच्या बाळंतपणात मी नव्हतो ते. हिच्या आईच्या दिवसांना मी दुपारी उठून गेलो ते. आमदारांच्या कानावर घाला म्हणते. मी म्हणतंय, घालतो."

मी त्याच्यापुढचं भांडं उचलून पाणी प्यालो. मला बोलता येतं, असं लोक म्हणतात.

"तुला एक सांगू सदू? मला हेवा वाटतो त्याचा."

"कुणाचा?"

"त्या आमदाराचा. कशी वाट बघते बघ त्याची. मी समोर बसलेला असतो, आणि जरा गाडी वाजली की माझ्याकडे पाठ फिरवून दाराशी जाते."

माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं. आयुष्यभर मी ज्या माणसावर जळलो, त्याच माणसावर जळणारा दुसरा कुणी मला आजवर भेटला नव्हता.

दिवा महिन्याभरात लागला. पण ती गोष्ट वेगळी. त्याच सुमारास वहिनींनी बाकड्यावरच्या माणसाकडे एक नवी तक्रार केली. लग्नानंतर आमदारांनी आरे-वारेला न्यायचं कबूल केलं होतं, वरच्या वळणावरून दोन्ही बाजूंचा समुद्र एकदम दिसतो म्हणे. अजून नेलं नाही. विश्राम दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे हजर. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची गाडी मी सांगितली. मालतीलाही घेतलं. निघताना मी तिला विचारलं, चालताना टाच दुखणार नाही ना. ती माझ्याकडे बघतच राहिली.

दुपार कलली तेव्हा आम्ही वर पोचलो. खाली दोन्ही अंगांना पांढरी वाळू, मध्ये सुरूंची रांग, आणि समोर लांबवर पसरलेलं पाणी. वारा इतका की बोललेलं ऐकू येईना. विश्रामनं वहिनींना हाताला धरून कठड्यापर्यंत नेलं. त्या बराच वेळ एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत राहिल्या. मग वळून त्यांनी विचारलं, गाडी कुणी पाठवली?

मी खरं सांगायला तोंड उघडलं होतं. सवय असते मास्तरांना.

"आमदारांनी," विश्राम म्हणाला.

वहिनींनी वाऱ्यानं सुटलेला पदर खांद्यावर घट्ट ओढला. चेहरा लाजल्यासारखा झाला, एखाद्या नव्या नवरीचा होतो तसा.

"तसे शब्दाचे पक्के आहेत हो ते," त्या म्हणाल्या. "उशीर करतात, एवढंच."

विश्रामनं मान हलवली. हात सोडला नव्हता.

"खरा हाय, वहिनी," तो म्हणाला.